बाकी सगळं नॉर्मल

आमच्या या हिंदी बोलणाऱ्या शहरात, कॉलेजात मी तीसेक वर्षं इंग्रजी शिकवलं. पहिल्या वर्षाच्या मुलांना एक काम हमखास द्यायचो. रोजच्या बोलण्यातलं एखादं इंग्रजी विशेषण घ्या आणि लोक ते कशाकशाला लावतात ते आठवडाभर टिपून आणा. बहुतेक मुलं ‘नॉर्मल’ आणायची. ताप नॉर्मल, बाळंतपण नॉर्मल, पेपर नॉर्मल गेला म्हणजे बरा गेला. एका मुलीनं लिहिलं होतं, भैरवगढच्या चादरींत साध्या छपाईची ती नॉर्मल. मी हसून तिला चांगले मार्क दिले होते.

माझ्या बायकोला या शब्दावरून माझी थट्टा करायची सवय होती. टॉवर चौकातल्या हॉटेलात वेटरनं “पानी नॉर्मल या ठंडा?” विचारलं की ती म्हणायची, “इनको नॉर्मल दो भैया. इनका सब नॉर्मल ही रहता है.” वेटर हसायचा. मीही हसायचो.

गेल्या वर्षी ती जिन्यात थांबू लागली. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर. पहिल्या वळणावर कठडा धरून ती उभी राहायची. म्हणायची, जबडा ओढल्यासारखा होतो, डावा खांदा भरून येतो. तपासण्या करून घेतल्या. रक्त ठीक, कार्डिओग्रामही ठीक.

“रिपोर्ट नॉर्मल आहेत ना? मग?” मी म्हटलं.

“रिपोर्टांना जिना चढायचा नसतो हो,” ती म्हणाली.

ते रिपोर्ट घेऊन आम्ही डॉक्टरांकडे गेलो. हे मला लिहायचं आहे, बाकीचं इथवर येण्यासाठी लिहिलं. ती टेबलाजवळच्या स्टुलावर बसली, मी समोरच्या खुर्चीत. डॉक्टरांनी कागद पाहिले आणि तिच्याकडे बघून विचारलं, “सीढ़ी चढ़ने में कोई तकलीफ़?”

ती तोंड उघडणार एवढ्यात मी म्हणालो, “नहीं डॉक्टर साहब, बाकी सब नॉर्मल है.”

का म्हणालो? बाहेर गर्दी होती, घरी एक पुस्तक अर्धं राहिलं होतं. आणि तिच्या वतीनं बोलायची मला सवय होती, बँकेत, लग्नकार्यात, सगळीकडे. याहून मोठं कारण मी बरेच महिने शोधलं. सापडलं नाही.

तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पर्स उचलली. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाली, “झालं तुमचं?”

दोन आठवड्यांनी भाजीची पिशवी घेऊन ती त्याच वळणावर बसली, ती उठलीच नाही. शेजारणीनं हाक मारली तेव्हा मी वाचत होतो.

दहाव्या दिवशी राम घाटावर गुरुजींनी विचारलं, “विधि नॉर्मल रखें या विस्तार से?”

“नॉर्मल,” पुण्याहून आलेला माझा मुलगा म्हणाला. मला विचारलं नाही. मी त्याला रागावलो नाही, हे वळण त्यानं माझ्याकडूनच उचललं होतं. पुण्याला परतल्यापासून तो दर रविवारी फोन करतो. “बाबा, आता नॉर्मल वाटतंय ना?” मी हो म्हणतो. हो म्हटलं की फोन लवकर संपतो.

मागच्या आठवड्यात मी एकटाच त्या डॉक्टरांकडे गेलो. नंबर लावला, तासभर बसलो. आत गेल्यावर खुर्ची सोडून स्टुलावर बसलो. त्यांनी ब्लडप्रेशरचा पट्टा उचलला. मी म्हटलं, मला काही झालेलं नाही. मग तिचं नाव सांगितलं आणि म्हणालो, “वो सीढ़ी पर रुकती थीं. जबड़ा खिंचता था, बायाँ कंधा भारी हो जाता था.”

त्यांनी पट्टा खाली ठेवला. थोडा वेळ आठवत राहिले.

“सर, मैंने उस दिन पूछा था.”

“पूछा था,” मी म्हणालो. “लेकिन उनसे पूछा था.”

बाहेरच्या माणसानं दार किलकिलं करून आत पाहिलं. मी स्टुलावरून उठलो आणि त्याला जागा करून दिली.