तेजरामची दाढ आणि न दिलेले दोन पुकारे

राग तेजरामच्या नाकावर बिऱ्हाड करूनच बसला होता. बालाघाटच्या दिवाणी कोर्टात तो चपराशी होता, पक्षकारांच्या तोंडी जमादार, आणि काम काय, तर दारात उभं राहून पक्षकारांची नावं पुकारायची. एक पुकारा दारातून, दुसरा व्हरांड्याच्या टोकावरून आणि तिसरा खाली उतरून चिंचेजवळ, जिथे खेड्यापाड्यांतून आलेली माणसं शिदोरी सोडून बसत तिथे. हे तीन पुकारे झाल्याशिवाय गैरहजर माणसाचा मुकदमा खारीज करायचा नाही, असा तिथला रिवाज. छप्पन साली जिल्हा भोपाळच्या पदरात पडला आणि कोर्टात हिंदीचंच राज्य झालं, म्हणून राजेगावकडच्या, मराठीच कळणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी तेजराम "हाजिर हो!"च्या मागे स्वतःच्या पदरचं मराठी जोडायचा, "ऐकू येते का रे, बहिऱ्या?" त्याच्या आवाजाने चिंचेवरचे कावळे उडत. त्याला त्याचा गर्व होता, आणि खरं सांगायचं तर तेवढा एकच गर्व करण्याजोगा गुण त्याच्यात होता.

सहासष्टच्या मार्चमध्ये त्याची खालची डावी दाढ ठणकायला लागली. दोन महिने त्याने तिला गुडाखूवर जगवलं. गुडाखू म्हणजे तंबाखू-गुळाचा काळा लगदा, बोटाने हिरड्यांवर घासायचा. त्या भागात बायामाणसं सकाळ-संध्याकाळ घासतात, आणि सोड म्हटलं की जीव मागितल्यासारखं तोंड करतात. शेवटी बायको अनुसयाने त्याला हाताला धरून बाजारातल्या दातांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने दाढ उपटली, कापसाचा बोळा चावायला दिला आणि बजावलं, "खाचेत रक्ताची गुठळी बसेल, तिला हात लावायचा नाही. ते हाडावरचं झाकण आहे. आज चूळ भरू नका, थुंकू नका. उद्यापासून कोमट मिठाचं पाणी नुसतं तोंडात फिरवायचं. आणि आठ दिवस गुडाखू बंद."

"दाढ काढाले आलो होतो, कीर्तन ऐकाले नाई," रस्त्यात तेजराम अनुसयेवर खेकसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर शेजारचा डोमाजी भेटला. डोमाजीला जगातल्या सगळ्या रोगांवरचं औषध ठाऊक, फक्त स्वतःच्या खोकल्यावरचं सोडून. त्याने तेजरामचा जबडा उघडून बघितला आणि म्हणाला, "अबे, हे तं सडकं रक्त हाय. ठेवशीन तं पू होईन. काढून फेक आन् वरून गुडाखू भर."

डॉक्टरचं ऐकायला कमीपणा वाटला, पण डोमाजीचं लगेच पटलं. असली अक्कल कुठे विकत मिळत नाही, जन्मतःच असावी लागते. तेजरामने बोटाने गुठळी उकरली, खाकरून थुंकला आणि रिकाम्या खाचेत गुडाखू ठासून भरला.

"अवो, डाक्टरनं नाई म्हनलं नं?" अनुसया ओरडली.

"तू डाक्टरीन हायस का? चूप बस!"

तिसऱ्या दिवशी कळ सुटली ती थेट कानात. तोंडाला घाण वास, जबडा दोन बोटांपलीकडे उघडेना. मग घरात तांडव. भाताचं एक शीत खाचेत शिरलं म्हणून ताट भिंतीवर गेलं. "माही दाढ नीट काढलीच नाई त्यानं! काढून राह्यला होता का खेळून राह्यला होता?" अनुसयेने एकदा गुडाखूचं नाव काढलं, तर तिच्या माहेराचाही उद्धार झाला.

चौथ्या दिवशी तो तसाच कोर्टात गेला. रजा मागणं त्याच्या शानमध्ये बसत नव्हतं. त्या दिवशी राजेगावच्या महागूचा नंबर होता. धुऱ्यासाठी, म्हणजे शेताच्या बांधासाठी, भावकीशी चाललेला म्हाताऱ्याचा मुकदमा, आठ वर्षांचा. तेजरामने दारातून पुकारा केला आणि जबड्यात सुरी फिरल्यासारखं झालं. आवाज कसला, पिपाणीही लाजली असती. व्हरांड्याच्या टोकापर्यंत तो गेला नाही, चिंचेपर्यंत तर नाहीच. आत येऊन म्हणाला, "तीन झाले साहेब. कोनी नाई." मुकदमा खारीज झाला.

तासाभराने महागू दारात आला. "जमादार, माहा नंबर कवा हाय जी?"

"झाला तुहा नंबर! कान इकून खाल्ले का बुढ्या?" तेजराम त्याच्यावर असा तुटून पडला, की म्हातारा उलट्या पावली गेला.

संध्याकाळी तेजराम डॉक्टरची गचांडी धरायला निघाला. डॉक्टरने गचांडी बाजूला ठेवली आणि त्याच्या हातात आरसा दिला. खाचेच्या तळाशी पांढरं हाड उघडं पडलं होतं, कडेला काळा लगदा. "ही गुठळी कोणी काढली?" डॉक्टरने विचारलं. तेजरामच्या तोंडून डोमाजीचं नाव येत होतं, पण बोट स्वतःचंच होतं. डॉक्टरने खाच धुतली, औषधाची वात घातली आणि रोज येऊन बदलून घ्यायला सांगितलं. हिरडी भरायला काही आठवडे लागतील, ताप आला किंवा सूज वाढली तर ताबडतोब या, म्हणाला. घरी पोचेपर्यंत कळ ओसरली, आणि कळेच्या आड दडायची सोयही गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिंचेखाली अर्जनवीस चैतराम महागूचा अर्ज लिहीत होता, मुकदमा पुन्हा उघडावा म्हणून. त्याने वाचून दाखवलं, "म्हातारपणामुळे अर्जदाराला पुकारा ऐकू आला नाही."

महागूने मान हलवली. "हौ, तसंच ल्हा. तेजराम जमादारानं आवाज देल्ला आन् मले आला नाई, म्हंजे माहे कानच गेले. आता एकट्यानं कोर्टात येनं जमाचं नाई."

तेजराम मागे उभा होता. तो एकदम भडकला. "खोड ते!"

"काहून जी?"

"खोड म्हनतो ना! ल्हे, चपराश्यानं एकच पुकारा देल्ला, तोही मेल्यासारखा. दोन देल्लेच नाई, आन् साहेबाले खोटं सांगतलं. खाली माही सही घे."

"जमादार, नोकरी जाईन."

"जाईन तं जाईन! तुह्या बापाची हाय का?"

चिंचेखालची सगळी माणसं वळून बघू लागली. चैतरामने ओळ खोडली आणि नवी लिहिली. तेजरामने कागद ओढून सही केली.  महागूने अगदी साध्या आवाजात विचारलं, "मंग काल शिव्या मले काहून देल्ल्या, बापू?"