स्टोअरबाईंच्या दोन घोड्या

बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये एकतीस वर्षं हत्यारांचं स्टोअर सांभाळलेल्या बाईला माणसांबद्दल फारसा आदर उरत नाही. स्टोअरबाईंना तर तो मुळातच बेताचा होता. जाळीच्या खिडकीमागे बसून त्यांनी नाना तऱ्हेचे फिटर पाहिले होते. दहा नंबरचा पाना नेऊन बारा नंबरचा परत करणारे, पान्याने खिळे ठोकणारे, चुकीच्या बाजूला पिळून नटाचे आटे घालवणारे आणि वर कंपनीला शिव्या देणारे. प्रत्येकाला बाईंनी त्याच्या लायकीप्रमाणे सुनावलं होतं. त्यांच्याकडे पाना मागायला जाण्यापेक्षा दात काढून घेणं परवडलं, असं फिटर आपसात म्हणत. ते कानावर आलं की बाईंना बरं वाटे.

निवृत्तीच्या वेळी डेपोने त्यांना भिंतीवरचं घड्याळ देऊ केलं. बाईंनी तोंडावर सांगितलं, घरात दोन घड्याळं आहेत आणि दोन्ही पुढे चालतात, द्यायचंच असेल तर दोन घोड्या द्या. घोडी म्हणजे गाडीखाली लावायचं जाड लोखंडी स्टँड. गाडी जॅकने उचलायची, दाराखालच्या पट्टीला जिथे खाच असते तिथे घोडी लावायची, जॅक सैल करून वजन घोडीवर बसवायचं, गाडीला बाजूने चांगलं हलवून बघायचं, आणि मगच माणसाने खाली जायचं. जॅक हा उचलण्यापुरता. त्याच्या पोटात तेल असतं आणि ते तेल एका रबरी वायसरच्या मेहेरबानीवर थांबलेलं असतं. घरी आणलेल्या घोड्यांवर बाईंनी फळी टाकली आणि वर कुंड्या मांडल्या, कारण त्यांच्याकडे गाडी नव्हतीच.

गाडी होती जावयाकडे. जावई विमा कंपनीत. लोकांचे अपघाताचे दावे तपासायचे आणि ‘दावेदाराची स्वतःची हयगय’ असा शेरा मारून परत पाठवायचे, हे त्याचं काम. या कामात तो म्हणे फार हुशार होता. घरी मात्र त्याला हत्याराची हौस, आणि हौस सगळी मोबाईलवर शिकलेली. भिंतीला फोटो लावताना त्याने आतला पाण्याचा पाइप फोडला होता. बाईंचा मिक्सर त्याने दुरुस्त केला होता, तो तेव्हापासून फक्त आवाज करत असे. मिक्सरच्या वेळी बाईंनी पाहुण्यांसमोर त्याची बिनपाण्याने केली होती, आणि सगळं दुखणं तिथून सुरू झालं.

या वेळी शुक्रवारी तीन दिवस राहायला आल्या आल्या लेक आईला स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि दार लोटून म्हणाली, “आई, मागच्या वेळी तू बोललीस त्यानंतर तो महिनाभर माझ्याशीही धड बोलला नाही. या वेळी त्याला एक शब्द जरी बोललीस ना, तर मी पुन्हा या घरात पाय ठेवणार नाही.”

“अगं, पण मी काय...”

“एक शब्दही नाही.”

लेक असं म्हणाली की तसंच करायची. एका लग्नात मामा तिच्या नोकरीवरून काहीतरी बोलला होता, तर ती मामाशी अकरा वर्षं बोलली नव्हती. हा हट्ट कुठून आला ते बाईंना चांगलं माहीत होतं. एकुलती एक लेक, तीही वर्षातून दोनदा येणार. बाईंनी तोंडाला कुलूप लावलं.

रविवारी सकाळी जावयाने जाहीर केलं की आज तो गाडीचं इंजिन ऑइल स्वतः बदलणार आणि त्याचा व्हिडिओ करणार. बाई मागच्या अंगणात गेल्या, कुंड्या उतरवल्या, घोड्या धुऊन पुसून गाडीशेजारी ठेवल्या आणि चाकांना लावायला दोन लाकडी ठोकळेही शोधून आणले. हा इशारा एखाद्या म्हशीलासुद्धा कळला असता.

जावई बाहेर आला. अंगात नवा कोरा एप्रन, हातात रबरी मोजे, आणि लख्ख उन्हात कपाळावर दिवा. बगलेत एक चाकांचा पाट, त्यावर उताणं झोपून गाडीखाली सरकायचं म्हणे. मोबाईल तिपाईवर लावून त्याने त्यातून पाहिलं आणि म्हणाला, “आई, हे भंगार जरा बाजूला घेऊ का? मागे दिसतंय.” त्याने घोड्या भिंतीकडे सरकवल्या, आणि ठोकळे त्यांच्यामागे टाकले.

बाईंनी दाताखाली जीभ धरली.

पुढचं अंगण फाटकाकडे उतरतं होतं. पाणी जावं म्हणून मुद्दाम ठेवलेला उतार, पाहुण्याच्याही लक्षात येईल इतका. जावयाने त्याच उतारावर, चाकांना काही न लावता, गाडीचं तोंड जॅकने वर उचललं. मग मोबाईलकडे बघून हसत त्याने दोन्ही बाजूंना विटांची चळत लावली आणि म्हणाला, “सुरक्षितता सर्वात महत्त्वाची.” विटा! लोखंड निदान वाकतं, काहीतरी कुरकुर करतं. वीट आधी काही सांगत नाही, तिचा एकदम भुगा होतो. आणि या विटा तर गाडीला टेकल्याही नव्हत्या, मध्ये चार बोटांची फट होती. ही विद्या पाहून बाई दोन पावलं गाडीकडे गेल्या आणि तिथेच थांबल्या.

ते नुसत्या रागाने नव्हतं. बाईंच्या नोकरीच्या नवव्या वर्षी एका इंजिनियरसाहेबाने खिडकीशी येऊन फक्त जॅक मागितला होता. बस रस्त्यात उभी आहे, पाच मिनिटांचं काम आहे, घोड्या कशाला वाहून न्यायच्या, असं म्हणाला होता. घोड्या न्याच, असं बाईंच्या ओठांवर आलं होतं. पण साहेब तो साहेब, म्हणून त्या गप्प बसल्या आणि जॅक दिला. खाली गेलेला फिटर बाहेर आला तो मेलेलाच. चौकशीत त्यांना एकच विचारलं, रजिस्टरवर सही घेतली होती का. घेतली होती. त्यानंतर बाईंनी कोणापुढे तोंड आवरलं नाही, ते थेट या शुक्रवारपर्यंत.

“फिल्टरचा पाना आतच राहिला,” असं म्हणत जावई घरात गेला. परत आला की तो त्या पाटावर झोपणार होता आणि गाडीखाली सरकणार होता.

बोलावं तर लेक जाणार. न बोलावं तर तिचा नवरा जाणार. खरं सांगायचं तर बाईंनी यापुढे विचार असा केलाच नाही. त्यांनी पदर खोचला, पाटावर बसल्या, उताण्या झाल्या आणि पायाने रेटा दिला. डोकं गाडीखाली गेलं, मग खांदे. वर काळं, तेलकट इंजिन होतं. एकतीस वर्षांत जिच्याखाली घोडी नाही अशा गाडीखाली त्या कधी वाकल्याही नव्हत्या.

“आई!” जावयाच्या हातातला पाना फरशीवर पडला. “अहो आई, बाहेर या! नुसती जॅकवर आहे ती! सुटला तर चिरडून जाल तुम्ही!” त्याने बाईंचे दोन्ही घोटे धरले आणि पाटासकट खसकन बाहेर ओढलं.

आरडाओरडा ऐकून लेक ओल्या हाताने धावत आली. पाटावर पडलेली आई, तिचे पाय धरून बसलेला नवरा आणि नाक वर केलेली गाडी तिने पाहिली.

“काय म्हणालास तू आत्ता?” तिने नवऱ्याला विचारलं.

“अगं, या खाली गेल्या. जॅकचा काय भरवसा?”

“म्हणजे तुला माहीत होतं.”

जावई बाईंचे घोटे सोडायचे विसरला होता. “माझं तसं नाही ना,” तो म्हणाला. “मी पाच मिनिटांत बाहेर येणार होतो.”

लेक आईकडे वळली. “बोल आई. काय बोलायचंय ते बोल याला.”

बाईंनी तोंड उघडलं. तीन दिवसांचं साठलेलं होतं, एकेक वाक्य घासूनपुसून ठेवलेलं. त्यातलं एकही बाहेर येईना. अशी भीती त्यांना त्या साहेबाच्या दिवसानंतर वाटली नव्हती.

“आधी,” त्या कशाबशा म्हणाल्या, “गाडी खाली घ्या.”

जावयाने विटा काढल्या आणि जॅक हळूहळू सोडला. चारही चाकं फरशीला टेकली. मग दोघांनी दोन्हीकडून धरून बाईंना उठवलं, पायरीवर बसवलं, पाणी दिलं. बाईंनी पेला रिकामा केला, पदराने तोंड पुसलं आणि जावयाला बोलायला सुरुवात केली. तो मान खाली घालून मागच्या चाकांना ठोकळे लावत होता तेव्हा त्या बोलत होत्या. गाडी पुन्हा उचलून पुढच्या बाजूला घोड्या लावून, दोनदा काढून, तिसऱ्यांदा नीट खाचेत बसवत होता तेव्हाही बोलत होत्या. दुपारची पानं वाढली तरी त्यांचं संपलं नव्हतं, आणि लेकीने त्यांना एकदाही अडवलं नाही.