चुकवलेला गोटा

युद्धाचे दिवस होते. हल्ल्याची सूचना द्यायला पांढुर्ण्यात नदीकाठच्या पाण्याच्या टाकीवर नवा भोंगा बसवला, अन् आठवडा होत नाही तर कोणीतरी तो फोडला. आत गोटा सापडला. झालं! युद्धकाळातला घातपात म्हणून भोपाळकडून एक साहेब आले, सोबत कॅमेरे, मोजपट्ट्या आणि एक कुत्रं. कुत्रं वास घेत नदीपर्यंत गेलं आणि गोट्यांचा खच पाहून खाली बसलं. बिचारं करणार तरी काय!

गोटा नदीच्या पात्रातून मारला, असं साहेबांनी शोधून काढलं. मग भरबाजारात उभं राहून विचारलं, "इतनी दूर से कौन मार सकता है?"

अरे बाप्पा, ही काय विचारायची गोष्ट आहे? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमची गोटमार असते. नदीत झेंडा रोवायचा, इकडून पांढुर्णा, तिकडून सावरगाव, अन् दिवसभर एकमेकांना गोटे. दुसऱ्या गावात लोकांनी दारं लावून घेतली असती. आमच्याकडे गर्दी झाली. सावरगावचे म्हणाले, असा नेम आमचाच. पांढुर्ण्याचे खवळले, "तुमचा नेम म्हशीले नाही लागत!" आणि मोठ्या अभिमानानं माझ्या भावाचं नाव सांगून बसले. एकानं तर मोबाइलवर त्याचे जुने नेम दाखवले. साहेब खूश. संशयित, साक्षीदार, पुरावा, सगळं फुकटात मिळालं. दादाला कोठडीत टाकलं.

माझं माहेर पांढुर्णा, सासर सावरगाव. भोंगा फुटला तेव्हा दादा माझ्या घरी जेवत होता. मी ठाण्यात जाऊन ओरडून सांगितलं. साहेब म्हणाले, "बहनें तो यही कहती हैं." असा संताप आला मला! कलम असं, की दादाचा जन्म तुरुंगात जाणार, आणि घरी त्याच्या दोन लहान पोरी.

मग मी आमच्या ह्यांना साक्षीला नेलं. हे छाती काढून म्हणाले, "साहेब, पांढुर्ण्याच्या माणसाचा गोटा तेवढ्या लांब जातच नाही." जेवणाचं राहिलंच बाजूला. साहेबांना मात्र ते पटलं. ठरलं, की भोंग्याच्या जागी तेलाचा रिकामा पिपा टांगायचा आणि दादाला मारायला लावायचं. लागला तर हाच गुन्हेगार, नाही लागला तर सोडून देऊ.

मी कोठडीशी गेले. "दादा, चुकव."

"सावरगावसमोर?"

"हाव, सावरगावसमोर."

त्यानं तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी दोन्ही काठ भरले. भजेवालासुद्धा गाडी घेऊन आला. दादानं गोटा उचलला, तोलला, आणि मारला. तो इतका भलतीकडे गेला की काठावरची म्हैस उठून चालू लागली. सावरगावनं शिट्ट्या मारल्या. पांढुर्ण्याची माणसं घरात मयत झाल्यासारखी खाली पाहत होती. मी मात्र आनंदानं रडून राहिली होती. साहेबांनी हात हलवला, जाऊ द्या म्हणून.

तेवढ्यात पलीकडून आवाज आला, "असा मारतात, बह्याडांनो!" आणि पिपा ठणकन वाजला.

आमचे हे! साहेबांनी पेन उघडलं. "नाम?" ह्यांनी नाव सांगितलं, वर सावरगावही सांगितलं.

संध्याकाळी मी ह्यांचा डबा घेऊन त्याच ठाण्यात. दादा सोबत आला. एक नेम चुकून लागू शकतो म्हणे, म्हणून साहेब सकाळी ह्यांनाही पुन्हा मारायला लावणार होते.

दादा गजांतून समजावून राहिला होता, "जवाईबुवा, हात सैल सोडा. खांदा आधीच फिरवा."

"मले नाही जमत," हे म्हणाले. डोळे भरून आले होते त्यांचे. "गोटा हातात आला की पिपाच दिसते. तुले कसं जमलं?"

दादा म्हणाला, "मी पिप्याकडं पाहिलंच नाही. हिच्याकडं पाहिलं."

ह्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. पहा बाप्पा, म्हटलं, नीट पाहून घ्या. सकाळी मी समोरच उभी राहते.