आखूड चेन

समस्त नाशिककरांस, आणि विशेषेकरून गंगापूर रोडने सायकल हाताने ढकलत गेलेल्या सर्व सज्जनांस, अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की सायकलची चेन आपोआप पडत नाही. हा निकाल माझा नव्हे. पिठाच्या गिरणीशेजारी पत्र्याच्या टपरीत बसणाऱ्या एका किरकोळ अंगाच्या मिस्त्रींचा तो निकाल होता, आणि त्यावर अपील नव्हतं.

"मिस्त्री, चेन पडली," असं कोणी म्हणालं की ते मान वर न करता म्हणायचे, "चेन पडत नाय. आपण पाडतो."

मग हाताने पायडल उलटं फिरवायचे, डोळे मिटायचे आणि कान लावायचे. वैद्याने नाडी बघावी तसं. एकदा एका दूधवाल्याला त्यांनी नुसतं ऐकून सांगितलं, "चढावर उभं राहून पायडल मारता तुम्ही. घाई कशाची असती एवढी?"

दूधवाला ओशाळला. "म्हशी उशिरा पान्हा सोडत्यात, भाऊ."

मिस्त्रींनी म्हशींना माफ केलं आणि चेन रॉकेलच्या डब्यात बुडवून जुन्या टूथब्रशने घासायला घेतली.

नव्वदच्या दशकात आमच्या अर्ध्या शाळेच्या सायकली त्यांच्या हाताखालून गेल्या. मी त्या शाळेत भूगोल शिकवायचो. शिकवायचो कमी, गोष्टी जास्त सांगायचो. तुम्हीही असा एखादा मास्तर पाहिला असेल. लोक हसले की त्याला आपण बरोबर बोललो असं वाटतं.

दोन हजार चारच्या सुमारास डॉक्टरांनी माझ्या पोटाकडे बघून व्यायाम सांगितला आणि मी गिअरची डबल शॉकर सायकल घेतली. पुढे स्प्रिंग, मागेही स्प्रिंग. डोंगरातसुद्धा चालेल अशी. तिचा दोष एकच, मोठा खड्डा आला की चेन पडायची.

मिस्त्रींकडे तशी सायकल आधी आली नव्हती. त्यांनी सीट दोन्ही हातांनी दाबली, सोडली, परत दाबली आणि वाकून मागच्या चाकाकडे बघत राहिले.

"सर, चेन लांब हाय. दोन कड्या काढाव्या लागतील. पण ही गाडी दबली की चाक मागं सरकतंय. रिकाम्या गाडीवर मापली तर बसल्यावर कमी पडंल. तुम्ही बसा, अंग सोडून दाबा, मंग मापतो."

गिरणीपुढे सात-आठ बायका डबे घेऊन रांगेत उभ्या होत्या. त्यांच्या पुढ्यात गिरणीचा वजनकाटा. माझं वजन चौऱ्याण्णव किलो, आणि रांगेतल्या निम्म्या माझ्या विद्यार्थ्यांच्या आया.

"राहू द्या हो. नेहमीसारखी मापा."

"बसाच, सर. माझ्या वजनानं दबत नाय ती."

"मला तास आहे, मिस्त्री."

"मंग उद्या करू सावकाश."

"आजच पाहिजे."

त्यांनी रिकाम्या गाडीवरच चेन मापली. मग त्यांनी दोन कड्या काढल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी धरणाच्या रस्त्यावर एका खड्ड्यात सायकल पुरती दबली. चेन ताणली गेली, मागचा गिअर मोडून चाकाच्या तारांत गेला आणि मी हँडलवरून पुढे पडलो. खांद्याजवळचं हाड मोडलं.

मिस्त्री घरी आले ते पिशवीत मोसंबी घेऊन. नखांतलं ग्रीस घासून काढलेलं होतं. खोलीत माझे दोन सहकारी शिक्षक बसले होते. माझ्या बायकोने सरळ विचारलं, "इतकी आखूड कशी काय केली हो तुम्ही?"

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. तेवढ्या वेळात मला बोलता आलं असतं. मी पांघरूण सारखं करत बसलो.

"हात चुकला, ताई," ते म्हणाले.

त्यांचं रोजचं वाक्य त्या दिवशी मला अगदी लागू होतं. त्यांनी ते काढलं नाही.

पुढे मी ही गोष्ट सांगायला लागलो. शिक्षकांच्या खोलीत, चहाच्या टपरीवर, लग्नाच्या पंगतीत. "मिस्त्रींनी चेन मापली आणि मला जमिनीवर अंथरलं." दर वेळी खड्डा मोठा होत गेला आणि मिस्त्रींचे डोळे अधू. लोक पोट धरून हसायचे. मग पालक म्हणायला लागले, पोरांची सायकल आहे, जपलेलं बरं. मिस्त्रींच्या टपरीपुढच्या सायकली दहाच्या पाच झाल्या, पाचाच्या दोन. मी रोज तिथूनच शाळेत जायचो. ते मान हलवून म्हणायचे, "बरं हाय ना खांदा, सर?"

दोन वर्षांनी टपरीला कुलूप दिसलं. गिरणीवाल्याने सांगितलं, "सिन्नरला गेले. कारखान्याच्या गेटवर वॉचमन लागलेत. गिऱ्हाइकच नाही म्हटल्यावर काय करतील?"

त्या संध्याकाळी चहाच्या टपरीवर मी सगळ्यांसमोर खरं काय ते सांगितलं. गिरणीपुढची रांग, वजनकाटा, मिस्त्रींनी तीनदा केलेली विनवणी, सगळं. मंडळी इतकी हसली की एकाच्या हातातला चहा सांडला. "सर, ही तर पहिलीपेक्षा भारी आहे." मी म्हणालो, हे खरं आहे. ते आणखी हसले.

रविवारी एसटीने सिन्नर गाठलं. पत्ता गिरणीवाल्याने दिलेला. दोन खोल्यांचं घर, दाराशी मिस्त्रींच्या पत्नी सुपात लसूण सोलत बसलेल्या. मिस्त्री दिवसपाळीला गेले होते. मी नाव सांगितलं तसा त्यांचा हात थांबला. तरी त्यांनी पाणी दिलं.

मी उभ्यानेच सांगून टाकलं. मिस्त्रींनी मला सायकलवर बसायला सांगितलं होतं, मी लाजेपायी बसलो नाही, उद्यावर ढकलत होते तेही ऐकलं नाही, आणि वर त्यांचंच नाव घेऊन गावभर हसवलं.

"मला तर म्हनले हात चुकला. मी पन त्यांनाच बोल लावला," त्या हळू म्हणाल्या. मग लसणाचं सूप बाजूला सरकवून एकदम बोलून गेल्या,

"दोन वर्सं एवढं बोलले तुम्ही, सर. त्यात हे एवढंच सांगायचं राहिलं व्हय?"