गॅसबत्तीचा पोचा

सुनेनं उसळीसाठी हरभरा भिजत घातला, की त्या ओलसर वासानं माझी नजर आजही आधी दाराकडं जाते.

निजामाचं राज्य जाऊन थोडेच दिवस झाले होते. धामधुमीत आम्ही सरहद्दीपलीकडं पळालो होतो, ते नुकतेच आमच्या गावी, कोहिनूरला परतलो होतो. पळताना बैलगाडीतून पडून गॅसबत्तीच्या पितळी टाकीला केवढा तरी पोचा आला होता. अक्काचं लग्न तोंडावर आलेलं, आणि वरातीला बत्ती हवीच. गावातला कल्हईवाला अजून परतला नव्हता. मग अप्पांनी टाकीत कोरडा हरभरा भरला, वर पाणी ओतलं आणि झाकण घट्ट आवळलं.

“अवं, कामून असं करायलाव? टाकी फुटंल की!” आई म्हणाली.

“न्हाई फुटत. हरभरा फुगला की पोचा आतून बाहेर येतोय बघ.”

दुपारभर आम्ही टाकीभोवती बसून होतो. आत बारीक करकर चालली होती. सांध्यावर पाण्याचा थेंब दिसला की आईचा जीव वरखाली व्हायचा.

आणि एकदम ‘ठाण्’ असा आवाज झाला. आईला बंदुकीचा बार वाटला. तिनं मला आणि अक्काला खाली ओढलं आणि आमच्यावर पालथी पडली. अप्पा मोठ्यानं हसले, “अगं, पोचा निघाला!” त्यावरून आईला आम्ही कितीतरी वर्षं चिडवलं.

आता ते हसू आठवतं, तेव्हा ध्यानात येतं, ते दाराकडून आलं होतं. अप्पा टाकीजवळ नव्हतेच. त्यांचा दाराला अडसर घालून झाला होता.