पत्त्याची तिसरी ओळ

व्हॉल्व्ह बनवणाऱ्या त्या कारखान्यात तिला सगळे ऑर्डरबाई म्हणत. गिऱ्हाइकाची ऑर्डर आली की ती कॉम्प्युटरमध्ये भरायची आणि त्यावरून खाली वर्कशॉपमध्ये काम सुरू व्हायचं, असं तिचं बावीस वर्षं चाललं होतं. एवढ्या काळात कॉम्प्युटर चार झाले, खुर्च्या दोन झाल्या, चष्म्याच्या नंबरचं तर विचारूच नका. सॉफ्टवेअर मात्र पहिल्या दिवसापासून तेच. काळा पडदा, पांढरी अक्षरं. माऊसला त्यात काही कामच नव्हतं, तो बिचारा टेबलावर नुसता शोभेला असे.

त्या सॉफ्टवेअरमध्ये एक मोठी खोट होती. गिऱ्हाइकाबद्दल चार शब्द टिपून ठेवायला जागाच नव्हती. नाव, फोन आणि पत्त्याच्या तीन ओळी, संपलं. आणि गिऱ्हाइकं तर एकेक नमुने! एकाला माल लाकडी पेटीतच हवा, दुसऱ्याला आतून रंग लागलेला चालत नाही, तिसरा दुपारी फोन केला की खवळतो. हे सगळं लिहायचं कुठे? बहुतेकांचा पत्ता दोन ओळींत आटपतो हे ऑर्डरबाईच्या लक्षात आलं आणि तिसऱ्या ओळीत तिने आपलं बिऱ्हाड थाटलं.

सुरुवातीला तिचा हात जरा सैल होता. एका गिऱ्हाइकाच्या तिसऱ्या ओळीत तिने सरळ ‘मालक चिडका, गोड बोलणे’ असं लिहून ठेवलं. हाच पत्ता पेटीवरच्या लेबलावर जसाच्या तसा छापला जातो, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. आठ दिवसांनी मालकांचाच फोन आला.

“पेटी पोचली. पत्ता अगदी बरोबर आहे. आमच्या सौभाग्यवतींना तर फारच पटला.”

तेव्हापासून ती आखूड खुणा लिहू लागली. ‘ला.पे.’ म्हणजे लाकडी पेटी, ‘दु.फो.ना.’ म्हणजे दुपारी फोन नाही. वाचणाऱ्याला वाटावं, एखाद्या गल्लीबिल्लीचं नाव असेल.

मोठे साहेब थकले आणि त्यांचे चिरंजीव कारखाना बघू लागले. धाकट्या साहेबांनी पहिल्याच वर्षी ठरवलं की हे सॉफ्टवेअर बदलायचं. त्यांचं काही चुकत नव्हतं. ते बनवणारी कंपनी कधीच बंद पडली होती, उद्या काही बिघडलं तर हात लावायला माणूस नव्हता. नवं बसवायला तिशीतली एक हुशार मुलगी आली. दोन दिवस तिने ऑर्डरबाईला मॅडम म्हटलं, तिसऱ्या दिवशी काकू. ऑर्डरबाईला ती आवडली.

जुन्यातली माहिती नव्यात नेण्याआधी मुलगी ती साफ करत बसली होती. “काकू, पत्त्यांमध्ये काय कचरा भरलाय हो! तिसऱ्या ओळीत काहीच्या बाही अक्षरं. सहाशे चाळीस ठिकाणी. उडवून टाकते सगळी. कुणी भरलं असेल?”

“कोण जाणे,” ऑर्डरबाई म्हणाली आणि पाण्याची बाटली भरायला उठून गेली.

संध्याकाळी भाजी निवडताना तिने नवऱ्याला हे सांगितलं. नवरा बस चालवायचा, बोलणं रोखठोक.

“मग सांगून टाक ना, मीच लिहिलंय म्हणून.”

“काय सांगू? बावीस वर्षं पत्त्यांत गप्पा लिहीत होते म्हणून? हसतील मला.”

“हसू देत. अगं, तुझं सगळं डोकं त्या ओळींत आहे. त्या गेल्या की तू तिथे कोण? बटणं दाबणारी.”

हे तिला झोंबलं, कारण तिलाही दिवसभर तेच टोचत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती साहेबांच्या केबिनमध्ये गेली. मुलगी तिथेच होती, फोरमनही कसल्याशा कामासाठी उभा होता. ऑर्डरबाईने एका दमात सगळं सांगितलं. साहेबांच्या चेहऱ्यावर काही उमटेना, तेव्हा तिने कागदाच्या गिरणीचं उदाहरण काढलं.

“तिथे आपले व्हॉल्व्ह चालवणारे एक दादा आहेत. त्यांचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. एकदा फोनवर बोलता बोलता म्हणाले होते. तेव्हापासून त्यांच्या व्हॉल्व्हचं चाक आपण डावीकडे बसवतो. ओळ गेली की चाक उजवीकडे जाणार. मग त्या माणसाने काय करायचं?”

“म्हणून होय!” फोरमन म्हणाला. “बाई दर वेळी बजावतात, म्हणून मी बसवतो. कशासाठी, ते आज कळलं.”

साहेब मुलीला म्हणाले, “सगळ्या ओळी घ्या. नव्यात वेगळा रकाना करा. काकूंना खुणांचा अर्थ लिहू द्या.”

ऑर्डरबाई बाहेर आली ती दोन बोटं उंच होऊनच. पुढचे तीन दिवस तिने मान वर केली नाही. एकेक खूण उलगडून पूर्ण वाक्यात लिहिली. साहेब येईल त्याला गिरणीच्या दादांची गोष्ट सांगत होते, ती तिच्या कानावर येत होती, आणि खोटं कशाला सांगायचं, तिला ते फार गोड लागत होतं.

चौथ्या दिवशी दुपारी सगळी यादी नव्यात चढायची होती. त्या सकाळी तिला वाटलं, दादांनाच फोन करून सांगावं की तुमच्यामुळे सहाशे चाळीस ओळी वाचल्या. तिने गिरणीत फोन लावला. आवाज अनोळखी होता.

“दादा? दादांना जाऊन सहा वर्षं झाली हो. मी चालवतो आता.”

काहीतरी विचारायचं म्हणून तिने विचारलं, “व्हॉल्व्ह बरे चालतात ना?”

“चालतात. फक्त चाक भलतीकडे येतं, भिंतीच्या बाजूला. फिरवताना बोटं सोलवटतात. आम्ही म्हटलं, तुमच्याकडे असेच बनत असतील.”

“कळवलं नाहीत कधी?”

“कुणी विचारलंच नाही.”

तिने फोन ठेवला. गेल्या सहा वर्षांत गिरणीला अकरा व्हॉल्व्ह गेले होते. अकराही वेळा तिने खाली जाऊन फोरमनला बजावलं होतं, चाक डावीकडे बरं का. दादांसाठी तिला वाईट वाटलं, पण त्याहून जास्त तिला स्वतःची लाज वाटली. हे बोलणं दुसऱ्या कुणी ऐकलं नव्हतं. गप्प बसली असती तर दुपारी यादी चढली असती, साहेब गोष्ट सांगत राहिले असते, आणि तिकडे त्या माणसाची बोटं सोलवटत राहिली असती.

ती उठून केबिनमध्ये गेली आणि जसं घडलं तसं सांगितलं.

साहेबांनी डोक्याला हात लावला. “म्हणजे यातलं काय खरं आणि काय शिळं, कुणालाच माहीत नाही?”

“नाही साहेब. मलाही नाही.”

मुलगी हळूच म्हणाली, “मग काकू, उडवू या का सगळ्या ओळी?”

“नको. त्यातल्या कितीतरी अजून खऱ्या असतील. प्रत्येक ओळीपुढे एक तारीख ठेव. ही गोष्ट त्या गिऱ्हाइकाला शेवटची कधी विचारली, त्याची. वर्ष उलटलं की तुझ्या सॉफ्टवेअरने ऑर्डर भरणाऱ्याला अडवायचं, आधी विचारून ये म्हणून. जमेल?”

“जमेल की. सोपं आहे.” मुलीने लिहून घेतलं आणि तिला बरं वाटावं म्हणून म्हणाली, “तुमचा काय दोष काकू? जुन्यात ही सोयच नव्हती.”

“जुन्यात फोन नंबर होता गं,” ऑर्डरबाई म्हणाली. “मीच लावला नाही.”

साहेबांनी दोन आठवडे दिले. ती जागेवर आली, यादीतलं पहिलं नाव काढलं आणि फोन उचलला.