एक थेंब न सांडता

"तुझं पेट्रोल भरनारा गेला रे, अन्या..." सकाळी दुकानाचं शटर अर्धं वर केलं होतं, तेवढ्यात जुबेदाभाभींचा फोन आला आणि त्या एवढंच बोलल्या. हनीफभाई नमाज पढून खुर्चीत बसले, चहा मागितला आणि चहा येईपर्यंत गेले. जन्मभर जहाजांच्या इंजिनघरात राबलेला, मुलींची लग्नं लावून दिलेला, नातवंडांचा लाडका असा हा माणूस. पण त्याच्या बायकोने माझ्यापुरती त्याची ओळख एवढीच सांगितली, आणि ती बरोबर होती. दुपारी माती देऊन परतताना मला ते वाक्य पुन्हा ऐकू आलं आणि मांडवीच्या जेटीवर गाडी थांबवून मी पोटभर रडून घेतलं.

माझं रत्नागिरीत वह्या-पुस्तकांचं दुकान आहे आणि मला मातीच्या ट्रॅकवर मोटारसायकल पळवायचं खूळ आहे. खूळ हा शब्द घरच्यांचा. मी त्याला शर्यत म्हणतो. हनीफभाई आमचे शेजारी. जहाजावरची नोकरी संपवून कायमचे घरी आले, तेव्हा पहिले काही महिने त्यांना करमेना. एकदा मी अंगणात रेसच्या गाडीत पेट्रोल ओतत होतो. एका हातात कॅन, दुसऱ्या हातात नरसाळं, आणि निम्मं पेट्रोल टाकीवर. ते अंगणाच्या दगडी गडग्यापलीकडून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "ह्यो कॅन उचक्या का देतोय रे?" मी म्हटलं, कॅन आहे तो, देणारच. "असां कसां? पेट्रोल आत जाताना सगळे बघतात. त्याच्या जागी कॅनमधी हवा शिरते, ती कोन बघतो?" असं म्हणून ते गडगा ओलांडून आले, कॅन माझ्या हातातून घेतला आणि आडवा करून, तोंड वरच्या अंगाला ठेवून ओतायला लागले. उचकी बंद! पेट्रोल एका धारेत गेलं. त्या दिवसापासून माझं पेट्रोल भरायचं काम त्यांचं झालं. मी त्यांना तसं सांगितलं नव्हतं आणि त्यांनीही विचारलं नव्हतं.

ट्रॅकवर हे काम दिसतं तेवढं साधं नसतं. दोन फेऱ्यांच्या मधे वेळ थोडा, इंजिन तापलेलं, सायलेन्सरला हात लावायची सोय नाही, आणि नेमकं त्याच्या डोक्यावर टाकीचं तोंड. एखादी धार चुकली तर गाडी आणि माणूस दोघांची होळी. हनीफभाई आधी मला गाडीवरून उतरवत, सायलेन्सरवर ओलं गोणपाट टाकत, आग विझवायचा सिलिंडर पायाशी ओढून घेत आणि मगच कॅनला हात लावत. हे सगळं चालू असताना त्यांची बडबडही चालू. उन्हात पेट्रोल फुगतं म्हणजे किती फुगतं? टाकी गळ्यापर्यंत भरली तर ते जाईल कुठे? त्यांचे प्रश्न संपत नसत आणि माझी फेरी सुरू व्हायची वेळ होई.

मग त्यांच्या हाताला कंप सुटला. भाभी चहाचा कप अर्धाच भरून द्यायला लागल्या, तेव्हा माझ्या ते लक्षात आलं. औषधं सुरू होती, पण हात ऐकेना. अशातच इथल्या सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या माळावरच्या, शर्यतीत भरताना कॅन हिसकला आणि पेट्रोल थेट गरम इंजिनावर गेलं. भस्सकन वाफ उठली. आग लागली नाही, नशीब... पण आजूबाजूची माणसं पळाली. आयोजकांतले पाटणकर आले आणि हळू आवाजात म्हणाले, "भाई, राग मानू नका. पुढच्या वेळेपासून भरायला दुसरं कुणी असू द्या." त्यांचं काही चुकलं नव्हतं. हनीफभाई गाडी न्यायच्या टेम्पोत जाऊन बसले. परतताना हातखंब्याजवळ एकदम म्हणाले, "गाडीच्या बाजूला उभां ऱ्हायला मिलनार नसेल, तर मी येऊन करू काय? लोकांच्या टाळ्या मोजू?" मग उत्तरही त्यांनीच दिलं, "हात गेला तर गेला. हातावाचून भरता येतां काय, ता बघू."

पुढचे काही महिने त्यांच्या पडवीत जे चाललं होतं, त्याला प्रयोग म्हणावं की पोरखेळ, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. कल्पना अशी होती. पत्र्याचा बंद कॅन टाकीवर उलटा बसवायचा. त्याच्या तोंडात दोन नळ्या, जाड नळीतून पेट्रोल खाली येणार, बारीक नळीतून टाकीतली हवा वर कॅनमध्ये जाणार. पेट्रोल चढत चढत बारीक नळीच्या टोकाला भिडलं, की हवेची वाट बंद आणि धारही आपोआप बंद. टाकीत वर थोडी जागा शिल्लक. कॅन टाकीवर टेकला की त्याच्या वजनाने आतली स्प्रिंग दबून झडप उघडणार, उचलला की मिटणार. वजन सगळं टाकीवर, माणसाने नुसतं उभं राहायचं. घरात पेट्रोल नको अशी भाभींची सक्त ताकीद, म्हणून चाचणी पाण्याची. पण पाण्याचा थेंब दिसत नाही, म्हणून या गृहस्थाने भाभींच्या बरणीतलं कोकमाचं आगळ त्यात ओतलं आणि गाडीच्या जुन्या टाकीखाली घरातली पांढरी चादर अंथरली. लाल डाग पडला की गळती पकडली! मीही दुकान नोकरावर सोडून डाग शोधत चादरीवर ओणवा व्हायचो. आठवडाभर डाग कमी कमी होत गेले आणि एक दिवस झडप जी उघडी राहिली ती मिटेचना. सगळं आगळ त्यांच्या लेंग्यावर. उघडून बघतो तर स्प्रिंग गंजून धरलेली. भाभी दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "आगळात मीठ असतां, ता यांना ठाव नाय. आनी म्हने दर्यावर जल्म काढलाय!" हनीफभाई आधी ओशाळले आणि मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. नवी स्प्रिंग आली, आगळाची बरणी माळ्यावर गेली आणि पुढच्या चाचण्या नीळ घालून झाल्या.

पुढच्या मोसमात सड्यावर आम्ही पुन्हा गेलो. पाटणकरांनी कॅन उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाले, "एकदा भरून दाखवा. सांडलं तर मात्र..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. पहिल्या फेरीनंतर मी गाडी आणली, उतरलो. हनीफभाईंनी गोणपाट टाकलं. कॅन उचलताना हात इतके थरथरत होते की मी आग विझवायचा सिलिंडर हाताशी ओढून घेतला. पण कॅन टाकीच्या तोंडात बसला आणि सगळं शांत झालं. आत नुसता सळसळ आवाज. थोड्या वेळाने तोही थांबला. त्यांनी कॅन उचलला आणि पाटणकरांना म्हणाले, "तुमचा रुमाल फिरवा बघू तोंडाभवती." रुमाल कोरडा निघाला. पाटणकरांनी दोन्ही हात जोडले. शर्यतीत मी नेहमीसारखा मागून मोजण्यातला आलो, पण हनीफभाई दिवसभर गाडीच्या बाजूला उभे होते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हवेचा सिद्धांत ऐकवत होते. मला त्यांचा इतका अभिमान क्वचितच वाटला असेल.

एक गोष्ट मात्र मला कळली नव्हती. टाकी आपोआप भरायची, तरी दर वेळी हनीफभाई उजवा पंजा टाकीच्या कुशीवर सपाट ठेवून उभे राहायचे. मी एकदा विचारलं, हाताचं काम राहिलं नाही ना आता? "ता नंतर सांगेन," ते म्हणाले, आणि राहूनच गेलं. कंप लोकांना दिसू नये म्हणून ते हात टेकवत असतील, असं मी धरून चाललो. ते मला खरं वाटत होतं आणि वाईटही वाटत होतं, म्हणून पुन्हा विचारलं नाही.

गेल्या आठवड्यात सड्यावर शर्यत होती. मी जाणार नव्हतो. भाभींनी कॅन पुसून घरी पाठवला आणि निरोप दिला, "गंजायच्या आधी वापर." पहिल्या फेरीनंतर गाडी थांबवली, गोणपाट टाकलं, कॅन बसवला. हातांना काम नव्हतं. कुठे ठेवावेत कळेना, म्हणून उजवा पंजा टाकीच्या कुशीवर ठेवला, ते ठेवायचे तिथेच. पत्रा उन्हाने चांगलाच तापला होता. आणि मग तळहाताच्या खालच्या कडेला गार लागलं. पेट्रोल चढत होतं. गारव्याची रेघ तळहातावरून हळूहळू वर सरकली, बोटांपर्यंत आली आणि टोकांच्या जरा खाली थांबली. त्याच क्षणी कॅनमधला आवाज बंद झाला.

म्हणजे हनीफभाई काही लपवत नव्हते. आत काय चाललंय ते बघत होते... त्याच थरथरत्या हाताने, शेवटपर्यंत.

"भरली हो टाकी," पाटणकर बाजूने म्हणाले, "कॅन काढा आता."

"काढतो," मी म्हटलं. पण हात तिथून निघेना.